फुटबॉलच्या मैदानावरील 'समुद्री चाचा'

सामन्यानंतर होणारी प्रशिक्षकांची पत्रकार परिषद हा प्रकार जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी बहुधा सारखाच कंटाळवाणा असतो. 'मुलांनी मेहनत घेतली', 'काही चुका झाल्या', 'आता पुढच्या सामन्यावर लक्ष' या ठराविक वाक्यांपलीकडे हाती काही लागत नाही. अमेरिकेतील एका प्रशिक्षकाच्या बाबतीत मात्र पत्रकारांना उलटीच काळजी असे. मूळ प्रश्न फुटबॉलचा असला तरी उत्तर कुठे जाऊन थांबेल, याचा नेम नसे. लग्न ठरलेल्या एका वार्ताहराने त्याच्याकडे सल्ला मागितला, तेव्हा गृहस्थांनी कित्येक मिनिटे गंभीर चेहऱ्याने विवाहशास्त्रावर प्रवचन दिले. सार एवढेच, की घरातील स्त्रिया सारे ठरवत असतात, नवऱ्या मुलाने मध्ये लुडबुड करू नये, प्रत्येक गोष्टीला 'वा, छान कल्पना' म्हणावे. आणि सर्वांत उत्तम म्हणजे पळून जाऊन लग्न करावे!

या वल्लीचे नाव माइक लीच. अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये २१ हंगाम मुख्य प्रशिक्षक म्हणून वावरलेले लीच १२ डिसेंबर २०२२ रोजी, वयाच्या अवघ्या ६१ व्या वर्षी हृदयविकाराच्या गुंतागुंतीने निधन पावले. त्यांच्या निधनानंतर वृत्तपत्रांचे रकाने किश्श्यांनी भरून गेले. पण केवळ किस्से सांगून थांबणे म्हणजे या माणसावर अन्याय करणे होय. ज्या डोक्यातून ते विनोद निघत, त्याच डोक्यातून एका खेळाची मांडणी बदलून टाकणारा विचारही निघाला होता. तो विचार काय होता, हे समजून घ्यायचे तर आधी या खेळाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

दहा यार्डांची लढाई

अमेरिकन फुटबॉल आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ, यांचा संबंध नावापुरताच. येथे दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात आणि चेंडू लंबगोलाकार असतो. १०० यार्डांच्या मैदानात प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत चेंडू नेला, की 'टचडाउन' होतो. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर कापले तर पुन्हा चार संधी. न जमल्यास चेंडू समोरच्या संघाकडे. म्हणजे खेळ वरवर धसमुसळा दिसला, तरी गाभ्यात तो जमिनीच्या एकेका तुकड्यासाठी चाललेला संग्राम असतो.

ही जमीन जिंकण्याचे मार्ग दोन. चेंडू हातात घट्ट धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसायचे, किंवा 'क्वार्टरबॅक' नावाच्या सूत्रधाराने तो हवेतून लांबच्या सहकाऱ्याकडे फेकायचा. पहिला मार्ग सुरक्षित मानला जाई. फेकीत चेंडू जमिनीवर पडून संधी वाया जाण्याचा किंवा प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागण्याचा धोका असल्याने ती जपून वापरावी, असा वडीलधाऱ्या प्रशिक्षकांचा दंडक होता. अर्थात धडका देऊन पुढे सरकायचे, तर धिप्पाड आणि ताकदवान खेळाडू हवेत. असे खेळाडू श्रीमंत व नामांकित विद्यापीठांकडेच जातात. मग आडगावच्या विद्यापीठांनी काय करावे? लीच यांच्या कारकिर्दीचे सार या एका प्रश्नात सामावलेले आहे.

वकिलीची सनद, फुटबॉलचे वेड

लीच यांचा जन्म ९ मार्च १९६१ चा, कॅलिफोर्नियातील सुसनविलचा. बालपण गेले ते वायोमिंग राज्यातील कोडी या गावात. महाविद्यालयीन संघाकडून ते कधीही फुटबॉल खेळले नाहीत. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकत असताना ते रग्बी खेळत, आणि तेथील प्रशिक्षक लाव्हेल एडवर्ड्स यांचा संघ त्या काळात इतरांहून कितीतरी अधिक चेंडू हवेतून कसा खेळवतो, याचे बारकाईने निरीक्षण करीत. पुढे त्यांनी पेपरडाइन विद्यापीठातून १९८६ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. चारचौघांसारखा सुखाचा मार्ग समोर होता. पण या गृहस्थांनी काळा कोट चढवण्याऐवजी तुटपुंज्या पगारावर फुटबॉलचे साहाय्यक प्रशिक्षकपद पत्करले.

त्यानंतरची भटकंती एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. कॅलिफोर्नियातील छोट्या महाविद्यालयांत उमेदवारी केल्यावर १९८९ मध्ये ते थेट फिनलंडला गेले आणि पोरी बेअर्स या संघाला त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे धडे दिले. त्याच वर्षी आयोवा राज्यातील आयोवा वेस्लियन या लहानशा महाविद्यालयात त्यांची गाठ हॅल मम्मी यांच्याशी पडली. मम्मी मुख्य प्रशिक्षक, लीच त्यांचे साहाय्यक. या जोडीने आयोवा, मग जॉर्जियातील वाल्डोस्टा स्टेट आणि पुढे केंटकी विद्यापीठ अशी दहा वर्षे एकत्र काढली. लांबच लांब मोटारप्रवास करून ठिकठिकाणच्या प्रशिक्षकांकडून युक्त्या गोळा करायच्या आणि त्यातल्या कामाच्या तेवढ्या ठेवायच्या, हा त्यांचा उद्योग. त्यातून जी शैली आकाराला आली, तिला नाव पडले 'एअर रेड', अर्थात हवाई हल्ला.

हवाई हल्ल्याचे गणित

या शैलीविषयी लोकांचा समज असा, की सतत लांब लांब चेंडू फेकत राहायचे. वस्तुस्थिती वेगळी आहे. मैदान ५३ यार्डांहून थोडे अधिक रुंद असते. पारंपरिक संघ मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गर्दी करून धडका घेत. लीच यांनी साधा प्रश्न विचारला : पूर्ण मैदान उपलब्ध असताना त्याचा तुकडाच का वापरायचा? त्यांनी चार-चार झेलकरी खेळाडू मैदानभर पसरवले. पुढच्या फळीतील खेळाडूंमध्येही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवले. त्यामुळे क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अधिक पल्ला गाठावा लागे आणि मधल्या फटींतून चेंडू फेकायला वाटही मोकळी राही. सगळीकडे पहारा ठेवायचा म्हटले, की बचावफळी विरळ होणारच. जेथे पहारा पातळ, तेथे चेंडू. बऱ्याच फेकी तर पाच-सात यार्डांच्याच असत.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. मोठ्या संघांच्या डावपेचांच्या वह्या ग्रंथराजासारख्या जाडजूड असतात. मैदानाच्या कडेला उभे राहणारे प्रशिक्षक हातात भोजनालयाच्या भेटकार्डाएवढे रंगीबेरंगी तक्ते घेऊन दिसतात. लीच यांच्या हाती मात्र घडी घातलेला एखादा कागदाचा कपटा असे. त्यांचे डावच मुळी मोजके होते. पण तेच डाव निरनिराळ्या रचनांमधून, दररोज, असंख्य वेळा घोटून घेतले जात. प्रतिस्पर्ध्याला ते नवे वाटावेत आणि आपल्या खेळाडूंना झोपेतही पाठ असावेत, असा हिशेब. शिवाय समोरची रचना पाहून ऐन वेळी डाव बदलण्याचे स्वातंत्र्य क्वार्टरबॅकला दिलेले असे. धावणे निम्मे आणि फेकणे निम्मे याला 'संतुलन' म्हणण्याची प्रथा त्यांना मान्य नव्हती. चेंडू हाताळू शकणाऱ्या पाचही खेळाडूंचा आक्रमणात वाटा असणे म्हणजे संतुलन, अशी त्यांची व्याख्या होती.

डावपेच म्हटले की थोडी लबाडीही आलीच. १९९९ मध्ये लीच ओक्लाहोमा विद्यापीठाच्या आक्रमणाचे सूत्रधार होते. बलाढ्य टेक्सासविरुद्धच्या सामन्यापूर्वी त्यांनी डावांची एक बनावट यादी तयार केली आणि ती प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेस पडेल अशी मैदानावर 'हरवू' दिली. टेक्सासच्या गोटाने ती खरी मानली. पाहता पाहता ओक्लाहोमाने १७-० अशी आघाडी घेतली. पुढे टेक्सासच्या लक्षात प्रकार आला आणि सामना त्यांनी ३८-२८ असा जिंकला, हा भाग वेगळा!

लबकमधील दहा वर्षे

सन २००० मध्ये लीच यांना प्रथमच मुख्य प्रशिक्षकपद मिळाले, ते पश्चिम टेक्सासच्या रखरखीत सपाट प्रदेशातील लबक शहरात, टेक्सास टेक विद्यापीठात. मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेले खेळाडू येथे येत आणि विक्रम करून जात. २००३ मध्ये बी. जे. सायमन्स या क्वार्टरबॅकने एका हंगामात ५,८३३ यार्डांच्या फेकी करून त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला. २००६ च्या डिसेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध ७-३८ असा पिछाडीवर पडलेला संघ अखेर ४४-४१ असा जिंकला. आणि १ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तर लबकने दिवाळीच साजरी केली. देशात अव्वल मानल्या जाणाऱ्या टेक्सासविरुद्ध ग्रॅहॅम हॅरेलने फेकलेला चेंडू मायकेल क्रॅबट्रीने झेलला, बचावपटूला चुकवले आणि एक सेकंद उरला असताना टचडाउन करून सामना ३९-३३ असा जिंकून दिला.

याच काळात लीच यांचे समुद्री चाच्यांवरील प्रेम प्रसिद्धीस आले. त्यांची खोली चाच्यांच्या वस्तूंनी भरलेली असे. इतिहासाची पुस्तके वाचून ते खेळाडूंना चाच्यांविषयी व्याख्याने देत. यात केवळ तऱ्हेवाईकपणा नव्हता. जहाजावर प्रत्येकाने आपापले काम चोख केले तरच लूट मिळते, हे त्यांना सांगायचे असे. तुमचे शरीर ही तुमची तलवार. ती बिचकत न चालवता पूर्ण ताकदीने चालवा, हा त्यांचा मंत्र होता. २०११ साली आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नावही 'स्विंग युवर स्वोर्ड' असेच आहे. पुढे २०१४ मध्ये त्यांनी अपाचे योद्धा जेरोनिमो याच्यावर सहलेखकासह पुस्तक लिहिले, तर २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 'बंडखोरांची युद्धनीती आणि फुटबॉलचे डावपेच' या विषयावर एका माजी लोकप्रतिनिधीसमवेत छोटा अभ्यासक्रम शिकवला. थोडक्या बळानिशी मोठ्या फौजेला सळो की पळो करण्याचे जे शास्त्र, ज्याला मराठी माणूस गनिमी कावा म्हणतो, तेच या गृहस्थाच्या चिंतनाचा कायमचा विषय होते.

विनोदाची दुसरी बाजू

तथापि या कहाणीला काळी किनारही आहे. डिसेंबर २००९ मध्ये, डोक्याला मार बसून मेंदूला धक्का पोहोचलेल्या एका खेळाडूला लीच यांनी सरावाच्या वेळी अंधाऱ्या जागेत उभे ठेवण्यास सांगितले, असा आरोप झाला. ३० डिसेंबर रोजी विद्यापीठाने त्यांना बडतर्फ केले. लीच यांनी आरोप सातत्याने फेटाळला. दुसऱ्याच दिवशी आपल्याला आठ लाख डॉलरची रक्कम मिळायची होती, ती देणे टाळण्यासाठी हा बनाव रचला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. ते न्यायालयात गेले. परंतु शासकीय संस्थेवर तिच्या संमतीविना पैशाचा दावा लावता येत नाही, या तत्त्वामुळे त्यांच्या नुकसानभरपाईच्या मागणीचा मार्गच बंद झाला. खरे-खोटे पूर्णपणे तपासले जाण्याची संधी अशा रीतीने हुकली. प्रशिक्षकाचा शब्द अंतिम मानणाऱ्या व्यवस्थेत जखमी विद्यार्थ्याचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न त्यामुळे पुसला गेला नाही.

त्यांची जीभही कधी कधी ताळतंत्र सोडत असे. पराभवानंतर स्वतःच्या खेळाडूंना आणि एकदा तर त्यांच्या मैत्रिणींनाही त्यांनी जाहीरपणे बोचरे शब्द सुनावले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीवर विनोद म्हणून त्यांनी गळफासाचे चित्र असलेला मजकूर समाजमाध्यमावर टाकला. मिसिसिपीसारख्या राज्यात, जेथे कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींचा इतिहास आजही ताजा आहे, त्याचे पडसाद उमटणे अपरिहार्य होते. लीच यांना माफी मागावी लागली. शिष्टाचाराची पत्रास न बाळगणारा विनोद ढोंगावर चालला तर औषध ठरतो. दुसऱ्याच्या जखमेवर चालला तर तोच मीठ होतो, हे त्यांच्याच उदाहरणावरून दिसते.

पुन्हा आडगाव, पुन्हा हल्ला

बडतर्फीनंतर दोन वर्षे लीच फ्लोरिडाच्या टोकावरील की वेस्ट बेटावर राहिले, नभोवाणीवर बोलले, पुस्तक लिहून मोकळे झाले. २०१२ च्या हंगामासाठी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने त्यांना बोलावले. पुलमन हे आणखी एक आडवळणाचे गाव, आणि २००३ नंतर पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवणारा एकही हंगाम न पाहिलेला संघ. लीच घरून कार्यालयात पायी चालत जात. वाटेत दूरध्वनीवर कोणाशी तरी अस्वले, इतिहास किंवा राजकारण यांवर गप्पा चालू असत. त्यांचा फोन रात्री आला तर तासभराची निश्चिती, असे परिचित सांगतात.

येथेच त्यांची पत्रकार परिषदांतील कीर्ती शिखराला पोहोचली. आपल्या गटातील विद्यापीठांच्या बोधचिन्हांमध्ये खरोखरच मारामारी झाली तर कोण जिंकेल, या प्रश्नावर त्यांनी एखाद्या न्यायाधीशाच्या गांभीर्याने विवेचन केले. कोणाकडे शस्त्र आहे, कोणाकडे दैवी शक्ती आहे, हे आधी स्पष्ट व्हायला हवे, असे या कायद्याच्या पदवीधराचे म्हणणे होते! हॅलोवीनच्या सुमारास मिळणाऱ्या 'कँडी कॉर्न' या मिठाईचा त्यांना मनस्वी तिटकारा. ती वर्षातून एकदाच पुढे येते, त्याला काही कारण असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद. गंमत अशी, की येथेही पद्धत मैदानावरचीच होती. सर्वांनी गृहीत धरलेली गोष्ट उचलायची आणि 'हे असेच का?' असे विचारायचे. महाविद्यालयीन अजिंक्यपद ६४ संघांच्या बाद फेरीतून ठरवावे, असे ते सांगत, तेव्हा लोक हसत. २०१४ मध्ये चार संघांनी सुरू झालेली ती फेरी २०२४ मध्ये बारा संघांची झाली.

२०१८ च्या जानेवारीत एका तरुण क्वार्टरबॅकच्या मृत्यूने वॉशिंग्टन स्टेटचा संघ हादरला होता. त्याच वर्षी गार्डनर मिन्शू या दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या क्वार्टरबॅकच्या साथीने लीच यांनी ११ सामने जिंकून विद्यापीठाचा विक्रम केला. सारेच गोड झाले असे मात्र नाही. शेजारच्या वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्ध आठपैकी सात वेळा ते हरले. २०२० मध्ये मिसिसिपी स्टेटकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी गतविजेत्या एलएसयूला ४४-३४ असे लोळवले. के. जे. कॉस्टेलोने त्या दिवशी ६२३ यार्डांच्या फेकी केल्या. दोनच आठवड्यांनी केंटकीविरुद्ध हाच संघ २-२४ असा भुईसपाट झाला. हवाई हल्ल्याचे सामर्थ्य आणि त्याची जोखीम अशी हातात हात घालूनच चालत आली.

एका सामन्याचे अंतर

लीच यांचा अखेरचा सामना २४ नोव्हेंबर २०२२ चा. परंपरागत प्रतिस्पर्धी ओल मिसवर २४-२२ असा विजय. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच ते गेले. जाताना अवयवदान करून गेले.

त्यांच्या नावावर १५८ विजय आणि १०७ पराभव आहेत. टक्केवारी काढली तर ५९.६. महाविद्यालयीन फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'साठी प्रशिक्षकाला किमान ६० टक्के विजय आवश्यक, असा नियम होता. म्हणजे एक, केवळ एक पराभव विजयात बदलला असता तर १५९ विजय आणि १०६ पराभव होऊन आकडा बरोबर ६० वर आला असता! येथे ४ ऑक्टोबर २०१४ चा सामना आठवल्यावाचून राहत नाही. त्या दिवशी कॅलिफोर्नियाविरुद्ध वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडेने ७३४ यार्डांच्या फेकी करून राष्ट्रीय विक्रम रचला. अखेरच्या क्षणी १९ यार्डांवरून चेंडूला नुसती लाथ मारून तो खांबांमधून घालवायचा होता. तो चुकला आणि संघ ५९-६० असा हरला. लीच यांच्या कीर्तिमंदिराचे दार त्या एका लाथेने बंद केले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

मात्र नियम माणसांसाठी असतात, याचे भान उशिरा का होईना आले. २०२५ च्या मे महिन्यात संबंधित संस्थेने ही अट ५९.५ टक्क्यांवर आणली आणि ती २०२७ च्या निवडप्रक्रियेपासून लागू होईल, असे जाहीर केले. लीच पात्र ठरण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

पण त्यांचे खरे स्मारक आकडेवारीत शोधण्याचे कारण नाही. टेक्सास टेकमध्ये क्वार्टरबॅक म्हणून संधी न मिळालेल्या लिंकन रायली या विद्यार्थ्याला लीच यांनी प्रशिक्षणाकडे वळवले. त्याच रायली यांच्या हाताखालील तीन क्वार्टरबॅकनी पुढे २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक पटकावला. लीच यांचे एकेकाळचे साहाय्यक सॉनी डाइक्स यांचा टीसीयू संघ जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला. लीच यांचा पहिला क्वार्टरबॅक क्लिफ किंग्सबरी याने प्रशिक्षक या नात्याने टेक्सास टेकमध्ये घडवलेला पॅट्रिक महोम्स व्यावसायिक फुटबॉलमध्ये तीन सुपर बोल जिंकणारा खेळाडू ठरला. लीच यांना ज्या शैलीपायी 'गंमत' म्हणून हिणवले गेले, तिच्या खुणा आज अमेरिकेतील शाळेच्या मैदानांपासून व्यावसायिक संघांपर्यंत दिसतात.

राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांना एकदाही मिळाले नाही. श्रीमंत विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही, आणि आले असते तरी या माणसाचे तेथे किती काळ जमले असते, हाही प्रश्नच आहे. लबक, पुलमन आणि स्टार्कव्हिल ही त्यांची तीन गावे नकाशावर सहज सापडत नाहीत. पण चेंडू हवेत भिरकावला गेला, की चार दिशांना धावत सुटणारे खेळाडू पाहून तेथील माणसे आजही एकमेकांकडे पाहून हसतात. हसण्याचे कारण फुटबॉल की लीच, हे वेगळे काढून सांगणे त्यांनाही जमणार नाही.